ढब्याची समिती आणि माझी सून

माझ्या सुनेबद्दल तक्रार करायची तर सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही, कारण ती भांडत नाही. भांडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला बरोबर कळतं. हिचं काय करायचं?

आमचं घर वर आणि कारखाना खाली. कारखाना म्हणजे एक लांब खोली, शिलाई मशिनींनी गच्च भरलेली. हॉटेलांचे पडदे, दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे असलं काम. वर ती माझ्या हातचं जेवते, मागून घेते, ताट स्वच्छ करते. पण तीच बाई जिना उतरून खाली आली की पाण्याचा पेला पुढे केला तरी "नको आई" म्हणते. का, तर ती करविभागात नोकरीला आहे आणि धंद्याच्या जागी काही घ्यायचं नाही असा त्यांचा नियम.

"अगं, पाणी आहे ते."

"वर जाऊन पिते ना," ती म्हणते, आणि खरंच वर जाऊन पिते.

तिच्या खोलीचे पडदे मी स्वतः शिवले, अस्तर लावून, काठ दुमडून. तिने पावती मागितली. सासूकडे पावती! कामावरच्या बायका कितीतरी दिवस येता-जाता मला "मॅडम, पावती" म्हणून चिडवत होत्या.

ऑफिसात काय करते तेही सांगत नाही. मोठ्या कंपन्या कर नीट भरतात की नाही ते बघणारं एक पथक आहे, त्यात ती आहे, एवढंच आम्हाला ठाऊक. कोणती कंपनी? "आई, ते सांगता येत नाही." शेजारणीची सून बँकेत आहे. तिच्यामुळे आख्ख्या गल्लीला कुणाचे हप्ते थकलेत ते माहीत असतं. आमच्याकडे तोंडाला टीप मारलेली. माझा मुलगा कापड बेततो, कात्री सरळ चालते त्याची, पण आम्हा दोघींच्या मध्ये बसला की नुसती मान हलवतो. तिचंही बरोबर, माझंही बरोबर.

त्यातच मला करविभागाची नोटीस आली.

दवाखान्याने माझं काम जेवढं दाखवलंय आणि मी जेवढं दाखवलंय त्यात फरक आहे, असं तिच्यात होतं. असणारच! दवाखान्याने माझ्या चादरी चुकून दोनदा लिहिल्या होत्या. मी मुलाकडून उत्तर लिहून घेतलं, दवाखान्याचा खुलासा जोडला, पाठवलं. पुढे काही नाही. मग दुसरी नोटीस, पहिल्यापेक्षा तावातावाने, जसं काही माझं उत्तर पोचलंच नव्हतं. फोन लावला तर नुसतं संगीत वाजायचं. फोन मशीनशेजारी ठेवून मी अभ्रे शिवत बसायची, आणि संगीत थांबून बाई बोलायला लागली की ती सांगायची, कार्यालय बंद झालं आहे. शेवटी बँकेतलं माझं खातं गोठवलं. पगाराच्या दिवशी बायकांसमोर मी रिकाम्या हाताने उभी राहिले. मी! ज्या बाईने नवरा गेला त्या महिन्यातसुद्धा पगार एक दिवस पुढे ढकलला नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना मी सुनेला म्हटलं, "तुझंच ऑफिस ना? बघ माझं काय अडकलंय ते."

"आई, मला ते उघडता येणार नाही. नोटीस आली त्याच दिवशी मी वर लिहून दिलं, की ह्या माझ्या सासूबाई आहेत. आता तुमचं काहीच मला दिसत नाही."

"म्हणजे तू स्वतःच्या हाताने दार लावून घेतलंस?"

"हो."

"आणि मी परकी असते तर?"

"तर कुणाकडे अडकलंय ते बघितलं असतं."

"वा! म्हणजे सासू असणं हा गुन्हा झाला."

"गुन्हा नाही. नातं," ती म्हणाली आणि भाजी वाढून घेतली.

आता माझ्या भावाचं सांगते. माझा धाकटा भाऊ राजकारणात आहे. जग त्याला साहेब म्हणतं. लहानपणी गोल गरगरीत होता म्हणून मी ढब्या म्हणते. तो अर्थसमितीचा अध्यक्ष. त्या वर्षी सरकारी खर्चाला कात्री लावायची ठरली होती आणि कात्री कुठे चालवायची यावरून टीव्हीवर रोज कालवा. ढब्याच्या पक्षाने करविभागावर बोट ठेवलं होतं. एक बाजू ओरडायची, विभाग फुगलाय, लहान माणसाला छळतो, निम्मा बंद करा. दुसरी ओरडायची, जो विभाग पैसे आणतो त्याचेच हात बांधलेत तर शाळा आणि दवाखाने कशावर चालवणार? मला पहिली बाजू पटत होती. छळलेला लहान माणूस मीच होते ना!

ढब्या रविवारी जेवायला आला. माझी हकिगत ऐकून त्याचे डोळे लकाकले.

"ताई, हे तू समितीपुढे बोल. आमची जाहीर सुनावणी तुझ्याच शहरात आहे. आम्ही आकडे सांगतो तेव्हा लोक पेंगतात. तू बोलायला लागलीस तर कुणाची टाप आहे पेंगायची?"

"ते खरं आहे," मी म्हटलं.

"आणि पहिल्यांदा बंद करायचं ते मोठ्या कंपन्यांचं पथक. वर्षानुवर्षं एकेक केस चघळत बसतात. हाती काय लागतं? काही नाही!"

मुलाच्या हातातला चमचा ताटात पडला. सून करविभागात आहे एवढं ढब्याला माहीत होतं. कोणत्या पथकात, ते नव्हतं. मी सुनेकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी ही तोंड उघडेल.

"मामा, अजून थोडी भाजी?" तिने विचारलं.

ढब्या गेल्यावर मुलाला कंठ फुटला. "आई, तू तिथे बोललीस तर हिची जागा जाईल."

"मग हिने मामाला सांगायला काय झालं होतं?"

सून ताटं उचलत म्हणाली, "काय सांगू? माझी नोकरी वाचवा? विभाग ठेवायचा की मोडायचा हे ठरवायला लोकांनी मामांना निवडून दिलंय, मला नाही. आणि आई, तुम्हाला जो त्रास झाला तो खरा आहे. तुम्ही जरूर बोला."

हे ऐकून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नको बोलू म्हणाली असती तर मी हट्टाने बोलले असते आणि मनाला काही लागलं नसतं. बोला म्हणते!

ढब्याने सुचवलं होतं, की एकदा ऑफिसात स्वतः जाऊन ये, कसं ताटकळत ठेवतात ते डोळ्यांनी बघ, म्हणजे समितीपुढे रंगवून सांगता येईल. मी गेले. खिडक्यांची लांबच लांब रांग, त्यातली एक उघडी. बाकीच्यांवर पडदे ओढलेले, उन्हाने विटून जाळी झालेले. (सरकारला कापड कळत नाही, हे माझं जुनं मत.) उघड्या खिडकीमागे माझ्याच वयाचा एक कारकून बसला होता. एका माणसाचं काम झालं आणि दुसरा पुढे सरकेपर्यंत तो एका बोथट सुरीने पाकिटं फोडत होता.

माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, "बाकीचे सगळे जेवायला गेलेत का?"

"घरी गेलेत, बाई. कायमचे. कुणी निवृत्त झालं, कुणी सोडून गेलं. नवीन माणूस देत नाहीत. टपाल उघडायला पूर्वी वेगळी खोली होती, माणसं होती. आता मी आणि ही सुरी."

"आणि न उघडलेलं?"

त्याने मानेनेच मागे दाखवलं. भिंतीला लावून पोती रचली होती, पार छतापर्यंत.

"म्हणजे माझं उत्तर त्यात हरवलं!"

"छे, हरवत नाही इथे काही," तो दुखावल्यासारखा म्हणाला. "फक्त उघडत नाही."

"मग माझं खातं गोठवलं कुणी? त्याला बरा माणूस मिळाला!"

"त्याला माणूस लागतच नाही. उत्तराची नोंद दिसली नाही की कॉम्प्युटर आपोआप गोठवतो. तुम्ही थांबा, मी शोधायला लागतो. पण आज मिळेल असं नका समजू."

मी घरून भांडायची तयारी करून गेले होते. पण त्या माणसाच्या अंगठ्याला पाकिटांच्या कडांनी इतके चरे पडले होते, की भांडायचं राहूनच गेलं. आमच्याकडे नव्या मुलींच्या बोटांना सुईने असंच होतं, आणि महिन्याभरात त्या सरावतात. हा सरावला नव्हता. हे त्याचं मूळचं कामच नव्हतं.

वरच्या मजल्यावर बाक आहे, तिथे बसा, म्हणाला. मी गेले. बाकासमोर काचेची खोली होती, आणि खोलीत माझी सून.

टेबलाच्या एका बाजूला ती एकटी. दुसऱ्या बाजूला कोटवाल्यांची रांग, आणि त्यांच्या मागे त्यांना कागद पुरवणाऱ्यांची दुसरी रांग. ऐकू काही येत नव्हतं. एक कोटवाला हातवारे करून बोलायचा, दुसरा हसायचा, तिसरा मुद्दाम घड्याळ बघायचा. ती सगळं होऊ द्यायची. मग एका कागदावर बोट ठेवून काहीतरी एवढंसं विचारायची, आणि समोरची अख्खी रांग माना खाली घालून कागद उलटेपालटे करायला लागायची. पुन्हा बडबड, पुन्हा तिचं बोट, पुन्हा खाली माना. मी जन्मभर हॉटेलवाल्यांशी घासाघीस केली आहे. समोरच्याला घाम कधी फुटतो ते मला काचेतूनही कळतं. एकाने तिच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली. तिने झाकणाला हात न लावता तशीच परत सरकवली, आणि विचारायचं ते विचारत राहिली. मला बाकावर हसू फुटलं. म्हणजे वैर माझ्याच पाण्याशी नव्हतं तर!

खरं सांगते, मी तिला इतकी वर्षं घरात पाहिलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पाठ कशी ताठ! आवाज चढवल्याची एक खूण नाही चेहऱ्यावर. मी असते तर दुसऱ्याच हातवाऱ्याला टेबल उलटं केलं असतं.

तेवढ्यात एक कोटवाला फोन कानाला लावून बाहेर आला. बाकावर पिशवी घेऊन बसलेली म्हातारी त्याच्या लेखी भिंतीचाच भाग होती.

"चालू आहे अजून... नाही हो, सोडत नाही बाई... आपण फक्त वेळ काढायचा. समितीचं एकदा झालं की ती खुर्चीच राहणार नाही. मग कोण विचारतंय?... हो हो, साहेबांनी कुणी शिवणकामवाली म्हातारी धरून आणलीय. ती रडणार आहे समितीपुढे."

आणि हसला. त्याच्या बॅगेवर जी खूण होती ती शहरभर फिरणाऱ्या निळ्या ट्रकांवर असते. कुणालाही ओळखू येईल अशी.

रडणार! मी?

माझं पत्र त्या दिवशी काही मिळालं नाही. घरी मी कुणाला काही बोलले नाही. सूनही काही बोलली नाही, म्हणजे तिने मला तिथे पाहिलं की नाही हे विचारायची सोयच नव्हती.

सुनावणीला नगरभवन भरलं होतं. ढब्या मधोमध उंच खुर्चीत, दोन्ही बाजूंना समितीचे लोक. विरोधी पक्षाच्या एक बाई, पूर्वी शिक्षिका होत्या, त्या म्हणाल्या की आधीच माणसं कमी करून तुम्ही हा विभाग लंगडा केला आणि आता लंगडतो म्हणून पाय कापायला निघालात. ढब्याचा एक सोबती उसळून म्हणाला, लोकांना विचारा, लोकांचे हाल विचारा! टाळ्या पडल्या. सून मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभी होती. मग माझं नाव पुकारलं.

"अध्यक्षमहाराज," मी सुरुवात केली, आणि सगळं सांगितलं. नोटीस, संगीत, खातं, पगाराचा दिवस. काही लपवलं नाही, काही फुगवलं नाही. ढब्या खुलला होता. "बघा," तो म्हणाला, "सामान्य माणसाचा हा छळ—"

"थांब रे ढब्या, माझं झालं नाही अजून."

सभागृहात असा हशा पिकला की शिपायाला शांतता शांतता ओरडावं लागलं. ढब्याचे कान लाल झाले. पण त्याने मला थांबवलं नाही. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. हातात हातोडा होता, आपटला असता तर मी काय करणार होते?

"मला छळलं ते खरं," मी म्हटलं. "पण कुणी छळलं ते बघायला मी तिथे गेले. तिथे छळायलासुद्धा माणूस नाही! एक म्हातारा बोथट सुरीने पाकिटं फोडतोय आणि मागे पोती पडलीत. तिथली माणसं अजून काढलीत तर माझं पत्र उघडेल कोण? तू येणार आहेस का सुरी घेऊन? आमच्यासारख्यांना पकडायला माणूस लागत नाही, यंत्र पुरतं. माणूस लागतो तो मोठ्यांसमोर बसायला. मी कारखाना चालवते. धंदा बसला तर मी चहा बंद करीन, दिवे कमी करीन, पण जी बाई गिऱ्हाइकाकडून वसुली करून आणते तिला घरी पाठवणार नाही. मला कर भरायचाय. मी भरतेच. पण शेजारून ट्रक घेऊन जाणारा भरतो की नाही ते विचारणारं कुणीतरी ठेव!"

इथे थांबायला हवं होतं. टाळ्या पडत होत्या. पण तिसऱ्या रांगेत तो कोटवाला दिसला, पायावर पाय टाकून बसलेला. आणि माझी जीभ सुटली.

"विचारा त्यांना!" मी बोट दाखवलं. "निळ्या ट्रकवाल्यांना! यांची तपासणी चाललीय आणि हे समितीची वाट बघत वेळ काढतायत. मी माझ्या कानांनी ऐकलंय!"

कोटवाला ताडकन उभा राहिला. गोंधळ उडाला. मी विजयी मुद्रेने मागे वळून सुनेकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते.

मतदान झालं. मोठ्या कंपन्यांचं पथक ठेवायचं की मोडायचं, यावर मतं समसमान पडली. मग अध्यक्षाने मत द्यायचं असतं. ढब्या बराच वेळ हातोड्याशी चाळा करत बसला. त्याच्या पक्षाचे लोक त्याला डोळ्यांनी खुणावत होते. शेवटी तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पथक राहील. टपालाच्या जागाही भराव्यात, अशी शिफारस." आणि उठून गेला. पक्षात त्याला त्याबद्दल खूप ऐकून घ्यावं लागलं, हे नंतर कळलं. भाऊ आहे माझा, उगीच नाही.

मी जिंकून घरी आले. वाटलं होतं, सून दारातच गळ्यात पडेल. ती जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत होती.

"काय लिहितेस?"

"वर कळवतेय, आई. ही केस माझ्याकडून काढून घ्या म्हणून."

"का? तुझं पथक तर वाचलं!"

तिने पेन खाली ठेवलं आणि मला समजावलं, जसं लहान मुलाला समजावतात तसं, पण हिणवून नाही. कुणाची तपासणी चालली आहे हे बाहेर फुटायचं नसतं. आज भर सभेत ते फुटलं, आणि ते बोलणारी बाई तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सासू निघाली. उद्या त्यांचे वकील म्हणणार, हिनेच घरी सांगितलं. मग इतक्या वर्षांचं सगळं काम संशयात.

"पण तू कधी चकार शब्द काढला नाहीस! मी ऑफिसच्या बाकावर ऐकलं!"

"तेही लिहिलंय. तुम्हाला विचारायला बोलावतील, तेव्हा जसं झालं तसं सांगा. मी आजच स्वतःहून बाजूला झाले तर केस टिकते. त्यांनी मागणी केल्यावर झाले तर केसही जाते. पथकातल्या दुसऱ्या एक बाई पुढे चालवतील. हुशार आहेत त्या."

"आणि तू?"

"मी दुसरी केस घेईन. पहिल्यापासून."

मुलगा दारात उभा होता. त्याची मान पहिल्यांदाच कुठल्याही बाजूला हलली नाही. मी खुर्ची ओढून बसले. त्या एका केसवर तिच्या किती रविवारांचं पाणी झालं ते मला माहीत होतं. दार लावून बसायची ती, आणि मी बाहेरून भांडी आपटायची. ते सगळं माझ्या एका वाक्याने दुसरीच्या टेबलावर गेलं. आणि ही बाई पुन्हा पेन उचलून राहिलेली ओळ पुरी करत होती.

"ठेव ते," मी म्हटलं. "ऐक माझं. तू या घरात आलीस तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं की पोरगी आखडू आहे. आजही तेच सांगते. माझ्या तोंडाने तुझं एवढं नुकसान केलं आणि तू मला एक वाकडा शब्द बोलली नाहीस, याचा मला भयंकर राग आलाय. ओरडली असतीस तर मीही ओरडले असते आणि दोघी मोकळ्या झालो असतो. आता हे मला एकटीला वागवावं लागणार. पण एक सांगते. या घरात ताठ कण्याचं माणूस मी एकटीच आहे असं मी धरून चालले होते. ते चूक होतं. तू माझ्याहून ताठ आहेस. आणि हे मी उद्या खाली सगळ्या बायकांसमोर मोठ्याने सांगणार आहे, मग ते तुझ्या नियमात बसो नाहीतर न बसो!"